फुटलेले वगळून

१२ फेब्रुवारी

गणतीबाई,

तू घरी येईपर्यंत तुला खऱ्या नावाने हाक मारायची नाही असं मी ठरवलंय. लहानपणी दिसेल ते मोजत सुटायचीस म्हणून तुझं नाव गणती पडलं. आता सरकार तुला मोजण्याचाच पगार देतं, तेव्हा हेच नाव बरं.

पत्र माझ्याच हातचं आहे. अक्षराला हसायचं असेल तर हस, तूच शिकवलंयस. दुसरीत असताना मागच्या पायरीवर कोळशाने अक्षरं काढून दाखवायचीस आणि माझं चुकलं की माझ्याच हातावर पट्टी मारायचीस. एका पानाला मला दोन दुपारी लागतात. उत्तराला तुला एक दुपार लागायला हरकत नाही.

त्या दिवशी तू काय बोललीस ते विसरली असशील, म्हणून लिहिते. जेवताना मीच विचारलं, बाई, तू त्या ऑफिसात दिवसभर करतेस तरी काय. तू छान सांगितलंस. देशातल्या सगळ्या कारखान्यांतून महिन्याला किती माल निघाला ते एका आकड्यात सांगायचं. एक वर्ष घ्यायचं, ते शंभर धरायचं आणि पुढची वर्षं त्याच्याशी ताडून बघायची. मला कळलं. दाराच्या चौकटीवर खूण करून मी तुझी उंची बघायचे, तसंच. मग तू म्हणालीस की जुनी खूण फार जुनी झाली, आता यंदाचं वर्ष नवं शंभर. यादीसुद्धा नवी. ज्या वस्तू आता कोणी फारशा करत नाही त्या जाणार. "कंदिलाची काच बहुतेक जाईल, बाबा. तिला वजनच उरलं नाही."

तुझ्या बापाने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "मग इतकी वर्षं मी नळीतून काय फुंकत होतो? हवा?"

आणि तू हसून म्हणालीस, "देशाच्या हिशेबात म्हणाल तर हवाच."

तू थट्टा केलीस हे मला कळलं. त्याला थट्टा कळते कधी? तुझी आई गेल्यापासून तो दोनच गोष्टींना ओळखतो, एक भट्टी आणि एक तू. एकीने दुसरीला हवा म्हटलं. मग तो जे ओरडला आणि तू जी उलट बोललीस ते मी लिहीत नाही, तेवढी शाई नाही माझ्याकडे. सकाळी तू बॅग उचललीस आणि तो मागच्या दाराने कामावर गेला. दोघंही एकाच हट्टी मातीचे. ती माती माझी नाही, तुझ्या आजोबांची.

आता खरी बातमी. मालकाने कारखान्यावर नोटीस लावली. वीज सगळीकडे पोचली, कंदील कोण घेतो? वर्ष संपलं की जागा विकणार. तोवर आवारात कोळसा आणि वाळू पडलीय, ज्याला काम करायचं त्याने करावं, पगार मागू नये, निघालेला माल घरी न्यावा. नोटीस वाचून सगळे हसले. तुझा बाप म्हणाला, "मी करतो."

मी म्हटलं, डोकं फिरलं का? तर म्हणाला, "आई, ती बहुतेक म्हणाली. नक्की नाही म्हणाली. यंदाचं वर्ष शंभर धरणार म्हणजे यंदाचाच माल बघणार. कमी दिसला तर काढतील. जास्त दिसला तर कशाला काढतील?"

म्हणजे तुझ्या एका 'बहुतेक'वर भट्टी पेटती आहे. मला त्यातलं कळत नाही. पण कारखान्यातून दर महिन्याला तुझ्या खात्याला एक कागद जातो, किती नग निघाले त्याचा. तो तू बघतेस अशी त्याची समजूत आहे. तुझ्याशी बोलणार नाही, पत्र लिहिणार नाही. आकडा पाठवणार आहे.

बापाला एक ओळ लिही. काय लिहायचं ते तुझं तू बघ.

तुझी आजी


९ एप्रिल

गणतीबाई,

टपालवाला आपल्या दारावरून मान खाली घालून जातो. त्याचा दोष नाही, पण मी त्यालाच बोलते. कोणाला तरी बोलायला हवं ना.

घरात पाय ठेवायला जागा नाही. पलंगाखाली काचा, कपाटावर काचा, तुझ्या खोलीत तर छतापर्यंत. पेंढ्यात गुंडाळलेल्या. पाण्याचं पिंप काढायचं तर आधी वीसेक काचा हलवाव्या लागतात. मांजर घर सोडून शेजारी राहायला गेलं, शहाणं आहे. वर बिजलीचा दिवा जळतो आणि खाली मी कंदिलाच्या काचांच्या ढिगात भाजी चिरते. कोणी बघितलं तर म्हणेल, म्हातारीला अंधाराची एवढी काय भीती?

सात जण राहिलेत भट्टीवर. ढोल्या आहे, तुझ्या बापाचा लहानपणापासूनचा सोबती, ज्याच्या पोटावर तू ताल धरायचीस तो. घरून बायको हाकलते म्हणून येतो असं सांगतो. खरं म्हणजे त्याला दुसरं काही येत नाही. भट्टी विझू द्यायची नाही, एवढं एकच सगळ्यांना ठाऊक. एकदा गार पडली की आतली काच वितळवायची मूस तडकते, मग ती फक्त फोडायच्या कामाची. म्हणून पाळीपाळीने कोळसा घालतात, आजारी माणसाला चमच्याने भरवावं तसं.

आकडा वाढलाय. तुझा बाप बोलत नाही, पण कागद जायच्या दिवशी नवा सदरा घालतो. मी त्या दिवशी डबा घेऊन गेले होते म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. कारकून, आपला चष्मा गं, तो कागद भरत होता. वर छापलंय, 'महिन्यात निघालेले चांगले नग, फुटलेले वगळून'. चष्मा म्हणाला, "मिस्त्री, एवढा जीव कशाला काढताय? मी एक शून्य जास्त लिहितो. इथे मोजायला कोण येतंय?"

तुझा बाप त्याच्या अंगावर धावून गेला. ढोल्या मधे पडला म्हणून चष्म्याचा चष्मा वाचला. "माझी मुलगी आहे तिकडे," एवढंच म्हणाला तो.

मग शेवटच्या रकान्यावर अडलं. आकडा वाढला किंवा घटला तर कारण लिहायचं असतं. चष्म्याने बिचाऱ्याने भीतभीत विचारलं, काय लिहू? तुझ्या बापाने सदऱ्याची बाही नीट केली. म्हणाला, "लिही, प्रकृती उत्तम."

"मिस्त्री, इथे यंत्रांचं लिहायचं असतं. नाहीतर मालाची मागणी. प्रकृती नाही लिहीत."

"तू लिही."

लिहिलं त्याने. गेला तो कागद. मिळाला का?

तुझी आजी


१४ मे

गणतीबाई,

तुझं पत्र पोचलं. पाकीट मला, मजकूर मला, ठीक आहे. माझं नाव तरी अजून यादीत आहे.

तू लिहितेस की एकट्या कारखान्याचा आकडा बघायची तुम्हाला मनाई आहे. तुझ्या टेबलावर सगळ्यांचा मिळून येतो. तिथे आमच्या काचा म्हणजे पिंपात थेंब. वर लिहितेस की एक वर्ष जोर लावून यादी बदलत नसते, देशाच्या सगळ्या मालात त्या वस्तूचा वाटा किती ते बघतात. "बाबांना सांग, उगाच जिवाचे हाल करू नका, थांबा."

हे वाचून दाखवावं की चुलीत घालावं, यावर मी एक अख्खी सकाळ घालवली. शेवटी वाचलं. म्हटलं, मोडायचं असेल तर आताच मोडू दे. तो दारात बसून पायातले बूट काढत होता. पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "मनाई आहे म्हणते. म्हणजे बघायला गेली असणार."

मी म्हटलं, "अरे, पुढचं ऐकलंस का? उपयोग नाही म्हणते ती."

"ते ऐकलं. मागचं वाच परत. 'बाबांना सांग' लिहिलंय ना?"

वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. तुझ्या सगळ्या पत्रातले त्याने तेवढे दोन शब्द घेतले आणि बाकीचं मला परत दिलं, माशातला काटा काढून ठेवावा तसं. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर गेला कामावर. तेव्हा तुझ्या 'थांबा'चा असर झाला तो हा.

उन्हं फार आहेत. भट्टीसमोर उभं राहिलं की पापण्या जळल्यासारख्या होतात. सातातले तीन गेले, एकाला बांधकामावर मजुरी मिळाली, दोघं तुझ्याच शहरात आलेत म्हणे. दिसले तर ओळख दे. तुझ्या बापाला जरा खोकला आहे, धुळीचा. वाळू चाळायलाही आता तोच जातो ना.

तू एवढं कर. पुढचं पत्र माझ्या नावाने पाठवू नको. मला वाचून दाखवायचा कंटाळा येतो.

तुझी आजी


२१ जुलै

गणतीबाई,

सगळं ठीक. तुझा बाप बरा आहे.

या महिन्यात आकडा घसरला. तो तुला दिसत नाही हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे, तरी त्याच्या जिवाला लागलंय. कारण काय लिहायचं यावर चष्म्याशी पुन्हा वाद. शेवटी 'कोळसा ओला' असं लिहिलं. कोळसा पत्र्याखाली आहे, ओला कुठला होतोय? पण मी मधे बोलले नाही. त्याच्याखाली 'प्रकृती उत्तम' मात्र आहेच.

हल्ली ढोल्या फुंकतो. तुझा बाप स्टुलावर बसून काचेचा रंग बघतो आणि कधी नळी आत घालायची ते सांगतो. मुकादम झालाय म्हण. आयुष्यभर उभा राहिला, आता जरा बसला तर बिघडलं कुठे? घरी येताना मधे पाराशी थांबतो, गप्पा मारायला. तिथे कोणी नसलं तरी थांबतो.

घरात उशा दोन. दोन्ही त्याच्या पाठीशी असतात. मला उशीची सवय नव्हतीच कधी.

दवाखान्यात नेलं होतं, सर्दीसाठी. तिथला डॉक्टर फार शिकलेला दिसला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. म्हणाला, भट्टीपासून लांब ठेवा. मी म्हटलं, डॉक्टर, ते मला आधीच ठाऊक होतं, पैसे घेऊन कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. तुझा बाप हसला. मग हसताना जे होतं ते झालं.

तुला काही लिहायचं नाही अशी मला ताकीद आहे. म्हणून मी काही लिहिलेलं नाही, हे ध्यानात ठेव.

चौकटीवरची तुझी खूण वाळवीने धरलीय. येऊन बघून जा. वाळवी काही थांबत नसते, म्हणून म्हणते.

तुझी आजी


३० ऑगस्ट

गणतीबाई,

हे पत्र माझं नाही. मी नुसता हात आहे. तुझा बाप समोर बसून सांगतोय आणि मी लिहितेय, तेव्हा यात गोडवा कमी पडला तर तो त्याचा.

वाळू संपली. कोळसा अजून थोडा आहे, मंद आचेवर ठेवला तर पुरेल. पण वाळू नाही तर वितळवायचं काय? तर आपल्या घरातल्या काचा. त्या पुन्हा भट्टीत टाकायच्या, वितळवायच्या आणि नव्या फुंकायच्या. फुटकी काच नेहमी टाकतातच आत, तिने वाळू लवकर विरघळते. पण धडधाकट काच कोणी फोडून आत टाकत नाही. याने काल तुझ्या खोलीतल्या टाकल्या. तुझा पलंग दिसायला लागला.

आता प्रश्न असा, की त्याच काचेतून नव्या काचा निघाल्या, तर त्या कागदावर मोजायच्या का? चष्मा म्हणतो, भट्टीतून निघाली की मोजायची. ढोल्या म्हणतो, मोजा, आपल्या बापाचं काय जातंय. हा म्हणतो, "त्याच काचा मी फेब्रुवारीत एकदा मोजल्यात. एकच काच दोनदा मोजणं म्हणजे चोरी झाली. तिच्या खात्यात चोरीचा आकडा मी पाठवणार नाही. तिला विचार."

म्हणून विचारतेय. याचं उत्तर आलं नाही तर या महिन्याचा कागद तो जाऊ देणार नाही.

इथपर्यंत त्याने सांगितलं. आता तो उठून दाराशी गेलाय, तेव्हा हे माझं. बाई, तुला यादी, वजन, शंभर, काय ते असेल. त्याने सबंध आयुष्यात तुला कामाचं काही विचारलेलं नाही. आज विचारतोय. उत्तर त्याला पाठव. मला नको.

तुझी आजी


१८ सप्टेंबर

गणतीबाई,

कार्ड आलं.

टपालवाल्याने माझ्या हातात दिलं, मी वरचं नाव बघितलं आणि तशीच कारखान्यात गेले. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की चपला दोन वेगवेगळ्या आहेत. तो स्टुलावर होता. म्हटलं, "तुझं टपाल." हात पुसले, पुन्हा पुसले, मग घेतलं. तो कसा वाचतो तुला ठाऊक आहे, ओठ हलवत, एकेका अक्षरावर पाय देत.

"बाबा, भट्टीतून निघालेला प्रत्येक चांगला नग मोजायचा. काच कुठून आली हे आमचं खातं विचारत नाही. ही चोरी नाही. मोजा. डिसेंबरमध्ये नवीन यादीचं काम संपलं की रजा घेऊन येते. भट्टी बघायची आहे मला. गणती."

ढोल्याने विचारलं, काय म्हणते पोरगी? तुझ्या बापाने कार्ड खिशात घातलं. म्हणाला, "मोजा म्हणते." आणि चष्म्याला हाक मारली, "अहो साहेब, या, मोजायला या!" चष्म्याला साहेब म्हणाला, यावरून ओळख.

त्या दिवशी जेवला. मागून घेतलं.

आता घर रिकामं होत चाललंय. रोज टोपलीभर काचा जातात आणि टोपलीभर नव्या येतात, त्या नव्या तो पुन्हा घालू देत नाही, मोजलेल्या वेगळ्या ठेवतो. मला दोन्हींत फरक दिसत नाही. त्याला दिसतो.

डिसेंबर लिहिलंयस. कोळसा तोवर पुरवायचा म्हणून तो रोज ढिगाला काठी लावून बघतो. तू पेटती भट्टी बघायची म्हणालीस ना. कोळशाचं मी सांगितलं. बाकीच्याचं सांगायची ताकीद अजून आहे.

यादी काही पळून जात नाही. रजा आधी मिळाली तर आधी ये.

तुझी आजी


६ डिसेंबर

पोरी,

तू येऊन गेलीस, तेव्हा खऱ्या नावाने हाक मारायला मी मोकळी आहे. पण ते नाव त्याने ठेवलं होतं. जीभ वळत नाही.

तार मिळताच निघालीस, तरी एक दिवस उशीर झाला. गाडीच नव्हती. तो दोष तुझा नाही, हे मी एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नको.

स्वयंपाकघरात तू माझ्यावर ओरडलीस, "आजी, तू मला कळवलं का नाहीस?" मी भांडी घासत राहिले. तुला वाटलं असेल, म्हातारीला काळीज नाही. अगं, तो म्हणाला होता, तिला कळवलंस तर अन्नाला शिवणार नाही. आणि तो शिवला नसता. मग मी काय करायचं होतं? उशांचं लिहिलं, पाराचं लिहिलं. याहून उघडं लिहायला जमलं नाही. तू ओरडलीस ते बरं झालं. घर फार गप्प झालं होतं.

एक गोष्ट तू इथे असताना मला सांगता आली नाही. ती ढोल्याने मला सांगितली आणि आता मी तुला सांगते, कागदावर सोपं जातं.

त्या दिवशी सकाळी कोळसा झाडून गोळा करावा एवढाच उरला होता. तुझा बाप स्टुलावरून उठला आणि नळी मागितली. ढोल्या म्हणाला, "मिस्त्री, वेड लागलंय का? बसा गपचूप." तर म्हणाला, "हवाच फुंकायची आहे ना? मग मला जमेल." नळी आत घातली, काच उचलली, साच्यात धरून फुंकली. एका दमात झाली नाही. मधे थांबला. काचेला थांबणं चालत नाही. बाहेर काढली तर एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ, मानेशी वाकडी. उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली त्याने. चष्मा तिथेच होता, म्हणाला, "असू दे मिस्त्री, धरतो मी ही."

"नाही. फुटलेल्यात टाक."

मग स्टुलावर बसला. ढोल्याला वाटलं, डोळा लागला. हाक मारली नाही त्याने, झोपू दे म्हणाला. बोलता बोलता ढोल्या माझ्या दारात पोट धरून रडला. त्याला मी पाणी दिलं आणि घरी पाठवलं. माझ्याच्याने दोघांचं झालं नसतं.

दुपारपर्यंत कोळसा संपला. आत मूस तडकल्याचा आवाज मी बाहेर कारखान्याच्या आवारात ऐकला. बंदुकीसारखा असेल असं वाटलं होतं. तसा नसतो. ताट हातातून पडावं, एवढाच असतो.

ती वाकडी काच चष्म्याने टाकली नव्हती. मला आणून दिली. तू जाताना एक चांगली काच घेऊन गेलीस, टेबलावर ठेवते म्हणालीस. ठेव. ही मी तुला दाखवली नाही. फळीवर आहे. कुठल्याही कंदिलाला बसणार नाही, तेव्हा तिला कोणी मागणार नाही.

आता पुढचं. आठवड्यामागे तुझ्या खात्याकडून कारखान्याच्या नावाने छापील कार्ड आलं. ऑक्टोबरपासूनचे आकडे मिळाले नाहीत, ताबडतोब पाठवावेत. चष्मा ते घेऊन माझ्याकडे आला. मालक तर फिरकत नाही, आणि तिकडे एकट्याने लिहायचा त्याला धीर होईना.

मला आठवलं, त्याच जेवणाला मी तुला विचारलं होतं, एखाद्याने कागद पाठवलाच नाही तर? तू म्हणालीस, "मग आजी, आम्ही मागच्या महिन्याचाच आकडा धरतो, नवा येईपर्यंत." त्यावर तुझा बाप हसला होता. हवेची गोष्ट निघायच्या आधीचं आहे हे. तेव्हा सगळे हसत होते.

म्हणजे तुमच्या कागदावर तो अजून फुंकतोय. तो गेला त्या ऑक्टोबरात त्याने पुऱ्या महिन्याच्या काचा काढल्या, आणि नोव्हेंबरातही काढल्या. प्रकृती उत्तम.

खरं सांगते, ते कार्ड मी ठेवून घेतलं. चष्म्याला म्हटलं, जा, मग बघू. वाटलं, असू दे. वर्ष तर संपतच आलंय. त्याचं शंभर धरायचं वर्ष, पुरं होऊ दे. आपण काही लिहायचं नाही, खोटं बोलायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. कोणाचं काय अडणार आहे? कार्ड त्या वाकड्या काचेखाली ठेवलं. आठवडाभर येताजाता बघत होते.

पण एका शून्यासाठी चष्म्याच्या अंगावर धावून गेलेला माणूस. आपलीच काच दोनदा मोजायला तयार नसलेला माणूस. त्याच्या नावावर न निघालेल्या काचा चढवायच्या? उठून मला म्हणाला असता, "आई, माझी मुलगी आहे तिकडे."

काल चष्म्याला बोलावलं. तो कागद पुढे करून म्हणाला, "आजी, सांगा, मी लिहितो." म्हटलं, पेन इकडे दे. 'महिन्यात निघालेले चांगले नग, फुटलेले वगळून.' ऑक्टोबरातले, भट्टी विझायच्या आधीचे, जेवढे वेगळे ठेवले होते तेवढे त्याने मोजून सांगितले आणि मी लिहिले. वाकडी धरली नाही. मग नोव्हेंबर. शून्य काढायला शाळा लागत नाही. तरी जरा लांबटच झालं.

"आणि कारण?" चष्म्याने विचारलं. "काहीतरी लिहावं लागेल, नाहीतर परत पाठवतील."

मी म्हटलं, पाठवू देत. तो रकाना कोरा ठेव. त्यात नेहमी तो सांगेल ते लिहायचो आपण.

आज कागद टपालात पडला. तुला तो दिसणार नाही, मनाई आहे. तुझ्याकडे सगळ्यांचा मिळून एक आकडा येईल, आणि आमचं वजन इतकं कमी की त्याने तो हलणारही नाही, तूच सांगितलंयस. नाही हलला तर नाही. पण नोव्हेंबरचा आकडा टेबलावर आला की लगेच पुढे सरकवू नको. घटकाभर बघ त्याच्याकडे.

त्यात एक शून्य माझ्या हातचं आहे.

आजी